रोमचे साम्राज्य : दार उघडले तेव्हा आणि दार लावले तेव्हा

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीच्या कार्यकर्त्यांनी आम्हाला सांगितले, "दादा, यंदा तुम्ही बोला. पण दरवर्षीचं नको, पोरांना नवीन काही कळेल असं सांगा." आता आम्ही काही प्राध्यापक नाही. सातवीनंतर शाळा सुटली आणि सूतगिरणीत बदली म्हणून लागलो, ते आजवर साच्यापुढेच उभे आहोत. वाचनाची सवय लागली ती या विहारातल्या कपाटामुळे. रात्रपाळी करून आलो की झोपण्याआधी चार पानं वाचायची, हा आमचा नेम. त्यातून जे हाती लागले तेच आज तुमच्यापुढे ठेवतो. चूकभूल पदरात घ्यावी.

विषय घेतला आहे रोमच्या साम्राज्याचा. तुम्ही म्हणाल, कुठे रोम आणि कुठे आपली वस्ती! त्याचे कारण सांगतो. मागे आपल्या गल्लीतल्या एका पोराने आम्हाला मोबाईलवर फिरत आलेला मजकूर दाखवला. त्यात लिहिले होते, की रोमचे एवढे बलाढ्य साम्राज्य बुडाले ते परक्यांना घरात घेतल्यामुळे. म्हणून ज्याने त्याने आपल्या जागी राहावे, यातच राज्याचे भले. पोराने विचारले, "काका, हे खरं आहे का?" आम्ही त्याला लगेच उत्तर दिले नाही. वाचून सांगतो म्हणालो. आजचे हे भाषण म्हणजे त्या पोराला दिलेले उत्तर समजा.

पहिला संप

रोम हे इटलीतले टायबर नदीकाठचे एक लहान गाव. इ.स.पू. ५०९ मध्ये तिथल्या लोकांनी राजाला हाकलले आणि प्रजासत्ताक स्थापले, असे त्यांची परंपरा सांगते. पण प्रजासत्ताक कोणाचे? समाजाचे दोन भाग होते. वर पॅट्रिशियन, म्हणजे खानदानी लोक. खाली प्लेबियन, म्हणजे शेतकरी, कारागीर, कष्टकरी. लढाईला जायचे प्लेबियनांनी आणि परत यावे तर शेत सावकाराने घेतलेले. कर्ज फिटले नाही तर माणूसच सावकाराच्या ताब्यात जाई.

तेव्हा या लोकांनी काय केले? इ.स.पू. ४९४ मध्ये ते सगळे शहर सोडून जवळच्या टेकडीवर जाऊन बसले. दंगा नाही, जाळपोळ नाही. म्हणाले, चालवा तुमचं शहर तुम्हीच. आम्हा गिरणी कामगारांना हे वाचून हसू आले. अहो, हा तर सरळ संप! जगाच्या इतिहासातल्या अगदी जुन्या संपांपैकी एक. खानदानी लोकांना नमते घ्यावे लागले. प्लेबियनांना आपले प्रतिनिधी निवडण्याचा हक्क मिळाला. त्यांना ट्रिब्यून म्हणत. अधिकाऱ्याचा अन्याय थांबवण्याचा अधिकार त्यांच्या हाती आला.

पुढची दोनशे वर्षे हाच झगडा चालला. इ.स.पू. ४५० च्या सुमारास कायदे बारा पाट्यांवर लिहून सर्वांना दिसतील असे लावले गेले. तोवर कायदा खानदानी लोकांच्या तोंडात होता, ते सांगतील तो खरा. पण त्या लेखी कायद्यातही एक कलम असे होते, की पॅट्रिशियन आणि प्लेबियन यांचे आपसात लग्न होता कामा नये. हे कलम आपल्याला समजावून सांगायला नको. इ.स.पू. ४४५ मध्ये लोकांनी ते रद्द करून घेतले. इ.स.पू. ३६७ मध्ये कॉन्सल हे राज्यातले सर्वोच्च पद प्लेबियनांना खुले झाले.

इथे बाबासाहेबांची आठवण काढलीच पाहिजे. १९३६ सालच्या 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट' या न झालेल्या भाषणात त्यांनी रोमच्या या प्लेबियनांचा दाखला दिला आहे. त्यांचा मुद्दा असा, की कॉन्सलचे पद मिळूनही प्लेबियनांच्या हाती खरी सत्ता आली नाही, कारण निवडलेला माणूस देवीला मान्य असावा लागे, आणि देवीचा कौल सांगणारे पुजारी पॅट्रिशियन असत. माणसाच्या मनावर धर्माचा पगडा असला की हातात आलेले मतही निसटते, हे बाबासाहेबांनी त्यावरून दाखवले. पुढे इ.स.पू. ३०० मध्ये पुरोहितपदेही प्लेबियनांना खुली झाली. म्हणजे तेही दार त्यांना ठोठावूनच उघडावे लागले.

दार उघडले तेव्हा

घरातले भांडण असे मिटत गेले, तसे रोम बाहेर पसरू लागले. इटलीतली गावे जिंकली, पण सगळ्यांना नुसते चिरडले नाही. काहींना नागरिकत्व दिले, काहींना अर्धे हक्क दिले, काहींशी करार केले. त्याचा उपयोग पुढे दिसला. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील कार्थेजचा सेनापती हॅनिबल आल्प्स पर्वत ओलांडून इटलीत उतरला. इ.स.पू. २१६ मध्ये कॅनीच्या मैदानात त्याने एका दिवसात पन्नास हजारांच्या आसपास रोमन सैन्य कापले. दुसरे राज्य असते तर तिथेच संपले असते. पण रोमची जवळची मित्रगावे बहुतेक त्याच्या बाजूला राहिली. माणसे कमी पडली नाहीत. इ.स.पू. १४६ मध्ये रोमने कार्थेज नावाचे शहरच नष्ट केले.

पण विजयासोबत रोग आला. जिंकलेल्या मुलखातून गुलामांचे लोंढे येऊ लागले. डेलॉस बेटाच्या बाजारात एका दिवसात दहा हजार गुलामांची आवकजावक होऊ शकते, असे स्ट्रॅबो नावाच्या लेखकाने लिहिले आहे. श्रीमंतांनी मोठमोठ्या जमिनी गिळल्या आणि तिथे गुलाम राबवले. लढाया जिंकून देणारा शेतकरी भूमिहीन होऊन शहरात आला. टायबेरियस ग्राकस या ट्रिब्यूनने सरकारी जमीन गरिबांना वाटण्याचा कायदा केला. इ.स.पू. १३३ मध्ये सिनेटच्या लोकांनी त्याला भर सभेच्या जागी ठेचून मारले. बारा वर्षांनी, इ.स.पू. १२१ मध्ये, त्याचा भाऊ गायस याचाही असाच अंत झाला.

इ.स.पू. ९१ मध्ये इटलीतले मित्रलोक उठले. त्यांचे म्हणणे, रक्त आम्ही सांडायचं आणि नागरिक मात्र तुम्ही? दोन-तीन वर्षे घनघोर युद्ध झाले. शेवटी रोमने त्यांना नागरिकत्व दिले. जे आधी शहाणपणाने देता आले असते, ते हजारो मुडदे पडल्यावर दिले.

इ.स.पू. ७३ मध्ये कापुआ गावच्या आखाड्यातून सत्तरएक गुलाम निसटले. त्यांचा पुढारी स्पार्टाकस. बघता बघता हजारो गुलाम त्याला मिळाले. दोन वर्षे त्यांनी रोमन फौजांना पाणी पाजले. इ.स.पू. ७१ मध्ये तो पडला. पकडलेल्या सहा हजार गुलामांना कापुआपासून रोमपर्यंत रस्त्याच्या कडेने क्रूसावर टांगले. रोमच्या वैभवाची चित्रे पाहताना हा रस्ता विसरू नये.

पुढे सेनापतीच एकमेकांशी लढू लागले. ज्यूलियस सीझरचा इ.स.पू. ४४ मध्ये खून झाला. त्याचा वारस ऑगस्टस इ.स.पू. २७ पासून प्रत्यक्षात सम्राट झाला. सिनेट राहिली, निवडणुका राहिल्या, पण सगळी सूत्रे एका माणसाच्या हातात. पाटी जुनीच ठेवली, मालक बदलला.

तरीही एक गोष्ट चालू राहिली. दार पूर्ण लागले नाही. इ.स. ४८ मध्ये गॉलच्या, म्हणजे आजच्या फ्रान्सच्या, पुढाऱ्यांना सिनेटमध्ये घ्यावे का, यावर वाद झाला. जुनी मंडळी म्हणाली, यांच्या बापजाद्यांनी आमच्यावर तलवार उपसली होती. सम्राट क्लॉडियसने त्यांच्या बाजूने भाषण केले. ते कोरलेला ब्राँझचा पत्रा फ्रान्समधल्या लिऑन शहरात सापडला आहे. टॅसिटस या इतिहासकाराने त्या भाषणाचा आशय दिला आहे, तो असा : अथेन्स आणि स्पार्टा शस्त्रबळात मोठे होते तरी बुडाले, कारण जिंकलेल्यांना ते कायम परके म्हणून दूर ठेवत; रोमचा संस्थापक मात्र कालच्या शत्रूला आज नागरिक करी. मोबाईलवरचा मजकूर लिहिणाऱ्याने हे वाचलेले दिसत नाही!

परमुलखातून भरती झालेल्या शिपायाला पंचवीस वर्षांच्या नोकरीनंतर नागरिकत्व मिळे. रीतसर मुक्त केलेला गुलाम नागरिक होऊ शके. ट्रेजन हा स्पेनमधला माणूस, त्याच्या काळात (इ.स. ९८ ते ११७) साम्राज्य सर्वात मोठे झाले. सेप्टिमियस सेव्हेरस आफ्रिकेतला. पर्टिनॅक्स नावाच्या सम्राटाचा बाप तर मुक्त झालेला गुलाम होता.

आपल्या तेरचे कापड

या भरभराटीच्या काळाशी आपल्या मुलखाचा खरा संबंध आहे. पहिल्या शतकात इजिप्तकडच्या एका ग्रीक व्यापाऱ्याने समुद्रप्रवासाची माहितीपुस्तिका लिहिली. तिला 'पेरिप्लस' म्हणतात. तीत पैठण, तेर आणि कल्याण यांची नावे आहेत. पैठणहून गोमेदासारखे खडे आणि तेरहून पुष्कळ साधे कापड आणि तलम कापड गाड्यांवर लादून, वाट नसलेल्या मुलखातून भडोचला जाई आणि तिथून जहाजात चढे, असे तो लिहितो. मंडळी, हे तेर म्हणजे आपल्या धाराशिव जिल्ह्यातलेच. ज्याने ते सूत कातले, ज्याने ते विणले, त्याचे नाव कुठे नाही. पण त्याचे कापड रोमच्या बाजारात होते. उभा जन्म सुतात गेलेल्या आम्हाला हे वाचून बरे वाटले.

इटलीत ज्वालामुखीखाली गाडल्या गेलेल्या पाँपेई शहरात १९३८ साली एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली, ती तेर आणि भोकरदनला मिळालेल्या मूर्तींशी जुळणारी आहे. कार्ल्याच्या लेण्यात खांबांवर स्वतःला यवन म्हणवणाऱ्या दात्यांची नावे कोरलेली आहेत. आणि इजिप्तमधल्या बेरेनिके या रोमन काळच्या बंदरात भगवान बुद्धांची संगमरवरी मूर्ती मिळाल्याचे २०२३ साली जाहीर झाले. प्लिनी नावाचा रोमन लेखक तक्रार करतो, की हिंदुस्थानात दरवर्षी पाच कोटी सेस्टर्स जातात. तेव्हा रोमन शिपायाचा पगार वर्षाला नऊशे सेस्टर्स होता. म्हणजे पंचावन्न हजार शिपायांचा वर्षाचा पगार! आकडा फुगवला असेल, पण व्यापार केवढा मोठा, हे कळते.

नाणे खोटे झाले

उतरण कशी लागली? एका दिवसात नाही. इ.स. १६५ नंतर मोठी साथ आली, माणसे किड्यामुंग्यांसारखी मेली. सरहद्दीवर दबाव वाढला. सैन्य हेच राज्य झाले. इ.स. १९३ मध्ये त्याच पर्टिनॅक्सला राजवाड्याच्या रक्षकांनी मारले आणि सिंहासनाचा चक्क लिलाव केला. दर शिपायाला पंचवीस हजार सेस्टर्स कबूल करून डिडियस ज्युलियानस नावाच्या धनिकाने तो घेतला. दोन-सव्वादोन महिन्यांत तोही मारला गेला.

इ.स. २३५ ते २८४ या पन्नास वर्षांत वीसहून जास्त सम्राट झाले आणि बहुतेक सगळे मारले गेले. २६० मध्ये व्हॅलेरियन हा सम्राट इराणच्या राजाच्या हाती जिवंत सापडला. सैन्याला पैसा हवा, तो आणायचा कुठून? नाण्यातली चांदी कमी करा. ऑगस्टसच्या काळी जवळजवळ शुद्ध चांदीचे नाणे निघे; इ.स. २६० नंतरच्या दशकात चालू नाण्यात चांदी शंभरात पाचसुद्धा उरली नव्हती. तांब्याला वरून मुलामा. महागाई भडकली.

डायोक्लेशियन सम्राटाने इ.स. ३०१ मध्ये फर्मान काढून हजाराहून जास्त वस्तूंचे आणि कामांचे कमाल दर ठरवले. त्याचे शिलालेख आहेत. शेतमजुराला जेवण आणि दिवसाला २५ दिनार. गटार साफ करणाऱ्यालाही जेवण आणि २५. सुताराला ५०. मुलांना अक्षर शिकवणाऱ्या मास्तराला दर मुलामागे महिन्याला ५०. आणि वकिलाला एका खटल्यासाठी १०००! गव्हाच्या एका मोठ्या मापाला १०० दिनार. म्हणजे चार दिवस राबावे तेव्हा ते एक माप. जादा दर घेणाऱ्याला मरणाची शिक्षा. झाले काय? बाजारातून मालच नाहीसा झाला.

दार लावले तेव्हा

आता आम्ही मुख्य मुद्द्यावर येतो. इ.स. २१२ मध्ये कॅराकॅला सम्राटाने साम्राज्यातल्या जवळजवळ सर्व स्वतंत्र माणसांना नागरिकत्व दिले. कर वाढावा म्हणून दिले, असे त्या काळच्या इतिहासकाराने लिहिले आहे. हेतू काही असो, दार पूर्ण उघडले. पण तोवर आत दुसरी भिंत बांधून झाली होती. नागरिकांचेच दोन वर्ग : 'प्रतिष्ठित' आणि 'हलके'. एकच गुन्हा, शिक्षा दोन. प्रतिष्ठिताला हद्दपारी, हलक्याला फटके, खाणीतली मजुरी किंवा जनावरांपुढे टाकणे. कागदावर सगळे नागरिक, पण पाठीवर वळ एकाच्याच.

चौथ्या शतकात त्याहून पुढची पायरी आली. कर बुडू नये, धान्य थांबू नये, सैन्याला कपडा मिळावा, म्हणून राज्याने माणसाला त्याच्या जन्माच्या कामाशी बांधायला सुरुवात केली. इ.स. ३३२ च्या कॉन्स्टंटाइनच्या कायद्याने पळून गेलेल्या कुळाला परत आणायचे आणि पळण्याचा बेत करणाऱ्याला बेड्या घालायच्या. रोमच्या भटारखान्यातल्या माणसाचा पोरगा भटारीच, आणि भटाऱ्याच्या पोरीशी जो लग्न करील तोही भटारखान्याला बांधलेला. सरकारच्या विणकामाच्या गिरण्या होत्या, ट्रिअर, मिलान, रोम, कार्थेज अशा शहरांतून. तिथला विणकर बांधलेला. स्वतंत्र बाईने त्याच्याशी लग्न केले तर तीही बांधली जाई. इ.स. ३९८ च्या कायद्याने शस्त्रांच्या कारखान्यातल्या कामगाराच्या दंडावर डाग द्यायचे ठरले. का? तर पळाला तर ओळखू यावा.

बंधू-भगिनींनो, बापाचा धंदा पोराच्या गळ्यात, लग्नालाही अट, आणि अंगावर खूण. याला आपण काय म्हणतो ते आम्ही सांगायला नको. फरक एवढाच, की तिथे याला देवाची आज्ञा म्हटले नव्हते; राजाचा हुकूम होता. म्हणून तो मोडता आला. तेच तेच कायदे पुन्हा पुन्हा काढावे लागले, याचा अर्थ लोक निसटतच होते. पाचव्या शतकात साल्व्हियन नावाच्या ख्रिस्ती धर्मगुरूने लिहून ठेवले आहे, की करवसुलीला कंटाळून गरीब रोमन माणसे शत्रूच्या मुलखात पळून जातात आणि परत यायचे नाव काढत नाहीत. ज्या राज्याचा गरीब शत्रूकडे आसरा शोधतो, त्या राज्याची तटबंदी काय कामाची?

नदीकाठचे निर्वासित

आता 'परक्यां'बद्दल. इ.स. ३७६ मध्ये हूणांच्या भीतीने गॉथ लोक बायकापोरांसह डॅन्यूब नदीच्या काठी आले आणि आसरा मागू लागले. सम्राट व्हॅलेन्सने आत घेतले. पण रोमन अधिकाऱ्यांनी त्यांच्या भुकेचा धंदा केला. अम्मियानस या रोमन इतिहासकारानेच लिहिले आहे, की एकेका कुत्र्याच्या मोबदल्यात एकेक माणूस गुलाम म्हणून घेतला गेला. कुत्री कशाला, तर खायला. शेवटी गॉथ उठले. इ.स. ३७८ मध्ये एड्रियानोपलच्या लढाईत सम्राट स्वतः मेला.

पुढे स्टिलिको हा पश्चिमेकडचा मोठा सेनापती होता. बाप व्हँडल, आई रोमन. त्याने साम्राज्य सांभाळले. इ.स. ४०८ मध्ये दरबारी कारस्थानाने त्याला ठार केले आणि इटलीतल्या शहरांतून परक्या वंशाच्या शिपायांच्या बायकापोरांची कत्तल केली. ते शिपाई रोमच्याच पगारावर होते! हजारो जण अलारिक या गॉथ राजाला जाऊन मिळाले. त्याने रोमला वेढा दिला तेव्हा शहरातले गुलामही मोठ्या संख्येने पळून त्याच्याकडे गेले. इ.स. ४१० मध्ये रोम लुटले गेले. आता सांगा, परक्यांना घेतले म्हणून, की घेतलेल्यांना मारले म्हणून?

इ.स. ४३९ मध्ये व्हँडलांनी कार्थेज घेतले. आफ्रिकेचे धान्य आणि महसूल गेला, तसा पश्चिमेचा कणाच मोडला. इ.स. ४७६ मध्ये ओडोआकर या सेनापतीने रोम्युलस नावाच्या पोरवयाच्या सम्राटाला गादीवरून उतरवले. जीवही घेतला नाही, नुसते घरी पाठवले. एवढ्या साम्राज्याचा शेवट असा बिनआवाजाचा.

गिबन या इंग्रज इतिहासकाराने १७७६ ते १७८८ या काळात सहा खंडांत हा ऱ्हास लिहिला. ख्रिस्ती धर्मालाही त्याने काही दोष दिला. पण कॉन्स्टँटिनोपल राजधानी असलेला पूर्वेचा अर्धा भागही ख्रिस्तीच होता आणि तो १४५३ पर्यंत टिकला. म्हणून एकाच कारणावर बोट ठेवता येत नाही. साथी होत्या, आक्रमणे होती, आपसातली युद्धे होती, पैशाची ओढाताण होती. एक दोरा काढून सगळा पीळ सुटत नाही, हे सूत कातणाऱ्याला माहीत असते.

त्या पोराला उत्तर

तर आमचे उत्तर असे. रोम दयाळू होते म्हणून मोठे झाले नाही. गुलामीचा डाग त्याच्यावर शेवटपर्यंत राहिला. पण ज्या ज्या वेळी त्याने खालच्याला वर आणि बाहेरच्याला आत घेतले, त्या त्या वेळी त्याला बळ मिळाले. आणि ज्या वेळी आतल्या माणसालाच जन्माने जखडले, निर्वासिताला नाडले, आपल्याच शिपायाची बायकामुले मारली, त्या वेळी त्याचा पाया पोखरला. आणि दार आपोआप कधीच उघडले नाही. टेकडीवर जाऊन बसावे लागले तेव्हा उघडले.

हे त्या पोराला सांगितले, तर तो म्हणाला, "काका, मग त्या मेसेजला मी काय लिहू?" आम्ही म्हटले, "काही लिहू नको. आधी पुस्तक वाच. मग तूच लिहिशील." विहाराचे कपाट दर रविवारी सकाळी उघडे असते. पोरांनी यावे, पोरींनी तर आधी यावे. कोणी काही फुकट ज्ञान पाठवले की एकच प्रश्न विचारायचा : हे कोणाच्या फायद्याचं आहे?